एका वियोगातून उभे राहिलेले रुग्णालय

कर्करोगाने एखादे घर गाठले की तो आजार एकट्या रुग्णाचा राहत नाही. मुंबईत परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालयाचा इतिहासही अशाच एका घरच्या दुःखापासून सुरू होतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. मात्र त्यापूर्वी त्यांनी आपली संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली होती. मेहेरबाईंच्या स्मरणार्थ या रोगावरील संशोधनासाठी स्वतंत्र निधी स्थापन झाला आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू केले. १९६२ पासून त्याचा कारभार केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे.

देशाच्या कानाकोपऱ्यांतून येथे रुग्ण येतात. उपचार अनेकदा महिनोन्‌महिने चालतात. सोबत आलेल्याचा रोजगार बुडतो, मुले नातेवाइकांकडे राहतात आणि औषधांइतकाच निवाऱ्याचा प्रश्न भेडसावतो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा कुटुंबांना आसरा देते.

उपचारांचे हात टेकतात, तेव्हाही वेदना कमी करणे शक्य असते. त्यासाठी १९८६ मध्ये वांद्रे येथे 'शांती आवेदना सदन' हे देशातील पहिले हॉस्पिस सुरू झाले.

बरे झालेल्यांनाही ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. अहवाल हाती येईपर्यंत साऱ्या घराचा जीव टांगणीला लागलेला असतो. त्या घरालाही आधाराची गरज असते.