परदेशी गिऱ्हाइकाची पत

१९५१मध्ये संयुक्त राष्ट्रांनी चीनला सामरिक माल पाठवण्यावर बंदी घातली आणि चीनच्या मालाच्या ने-आणीवर जगणारं हाँगकाँग अडचणीत आलं. मग तिथल्या लोकांनी कारखाने काढले. सुती कपडे, प्लॅस्टिकची फुलं, पुढे केसांचे टोप असा माल जगभर जाऊ लागला. पण परदेशी गिऱ्हाईक उधारी मागे, आणि त्याने दिवाळं काढलं तर हाँगकाँगच्या कौलून भागातला लहान कारखानदारही बुडे. म्हणून १९६६ साली तिथल्या ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने कायदा करून, असे पैसे बुडाले तर भरपाई देणारं निर्यात पतविमा महामंडळ स्थापलं आणि त्याच्या देण्यांची हमी घेतली.

ही रीत ब्रिटनमध्ये जुनी होती. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, मोडकळलेल्या युरोपशी व्यापार पुन्हा सुरू व्हावा म्हणून तिथल्या सरकारने निर्यात पत खातं उघडलं होतं. मुंबईतही १९५७मध्ये अशी संस्था निघाली, आजची ईसीजीसी.

अशा संस्थेला पैशाइतकीच माहिती लागते. प्रत्येक परदेशी गिऱ्हाइकाला किती उधारी पेलेल, याची मर्यादा ती ठरवते. त्यासाठी ताळेबंद मिळतो, बँकेचा अभिप्राय मिळतो. पण त्याने आधी कुणाचे पैसे थकवलेत हे खात्रीने सांगू शकते ती दुसऱ्या देशातली विमासंस्था, कारण तो फटका तिने सोसलेला असतो. म्हणूनच १९३४ साली ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि स्पेनमधल्या विमासंस्थांनी बर्न शहरात संघ स्थापला. बाजारात एकमेकांची गिऱ्हाइकं ओढणाऱ्या देशांच्या संस्था इथे आपापले अनुभव एकमेकांना सांगू लागल्या. या साऱ्या कहाणीत मला हेच थोर वाटतं.

हाँगकाँगला या संघात १९६९ साली जागा मिळाली. वसाहतीला स्वतःचे राजदूत नव्हते, परराष्ट्र कारभार लंडनच्या हाती होता. त्याच लंडनच्या बाजारात हाँगकाँगच्या सुती कपड्यावर १९५९पासून मर्यादा होती, कारण ब्रिटनमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना त्याची धास्ती होती. विमासंस्थांच्या संघात मात्र दोघंही सभासद. कापडाच्या बाजारात ब्रिटनने आखडता घेतलेला हात इथे आड आला नाही. छोट्या वसाहतीला याचा मोठा आधार होता, कारण दूरदेशीच्या दुकानदाराची कुंडली स्वतः काढायला तिच्याकडे माणसंही नव्हती आणि वकिलातीही.

१९९७मध्ये हाँगकाँग चीनकडे गेलं, तरी महामंडळ चालू राहिलं आणि संघातली त्याची जागाही.