मुक्तपणे पडणाऱ्या प्रभाराचा विरोधाभास

मुक्तपणे पडणाऱ्या प्रभाराचा विरोधाभास हा अभिजात विद्युतगतिकी आणि सामान्य सापेक्षता सिद्धांत यांच्या सीमेवरील एक प्रश्न आहे. गुरुत्वाकर्षणामुळे त्वरण मिळालेल्या विद्युतप्रभारातून प्रारण बाहेर पडते का, असे त्याचे स्वरूप आहे.

प्रश्नाचे स्वरूप

जोसेफ लार्मर यांच्या १८९७ मधील सूत्रानुसार त्वरित प्रभार विद्युतचुंबकीय ऊर्जा प्रारित करतो. तिचा दर त्वरणाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे खाली पडणाऱ्या इलेक्ट्रॉनातून प्रारण निघावे आणि टेबलावर ठेवलेल्या प्रभारातून निघू नये. आइन्स्टाइन यांचे समतुल्यता तत्त्व मात्र उलट सुचवते. त्यानुसार मुक्तपणे पडणारी वस्तू त्वरणहीन असते आणि टेबलावरील वस्तूच वरच्या दिशेने त्वरित असते. मग टेबलावरील प्रभार अखंड प्रारण देईल, आणि त्यासाठी ऊर्जा कोठून येते हे सांगता येणार नाही.

उकल

टेबलावरील प्रभाराचे क्षेत्र त्याच्या शेजारी स्थिर असलेल्या निरीक्षकाला काळानुसार बदलताना दिसत नाही. त्याला ऊर्जेचा प्रवाह आढळत नाही. मुक्तपणे पडणाऱ्या निरीक्षकाला मात्र त्याच क्षेत्रात प्रारण आढळू शकते. म्हणजे 'प्रारण आहे की नाही' याचे उत्तर निरीक्षकावर अवलंबून आहे. फ्रिट्झ रोर्लिख यांनी १९६०च्या दशकात हा मुद्दा मांडला. डेव्हिड बुलवेअर यांनी १९८० मध्ये दाखवले की, एकसमान त्वरण असलेल्या प्रभाराचे प्रारण त्याच्यासोबत त्वरित होणाऱ्या निरीक्षकाच्या क्षितिजापलीकडे जाते. म्हणून ते त्याला दिसतच नाही.

समतुल्यता तत्त्व स्थानिक आहे, हेही विसरता येत नाही. प्रभाराचे क्षेत्र दूरवर पसरलेले असल्याने ते अवकाशकाळाची वक्रता 'जाणते'. ब्राइस डेविट व रॉबर्ट ब्रेमे यांनी १९६० मध्ये याचे गणित मांडले. दूरच्या निरीक्षकाच्या दृष्टीने पडणारा प्रभार प्रारण देतो, असे सामान्यतः मानले जाते.

पुण्यातील संशोधन

पुण्याच्या आयुका या संस्थेतील थाणू पद्मनाभन (१९५७–२०२१) यांनी ए. गुप्ता यांच्यासह १९९८ मध्ये या प्रश्नाची वेगळी मांडणी केली. प्रभार ज्या त्वरित चौकटीत स्थिर आहे तेथील स्थिर क्षेत्र काढून ते जडत्वीय चौकटीत रूपांतरित केले, तर प्रारणाचे पद आपोआप मिळते, असे त्यांनी दाखवले.

मापन

पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणासाठी लार्मरचे सूत्र इलेक्ट्रॉनाला सुमारे ५.५ गुणिले १० चा उणे ५२ वा घात इतके वॅट देते. विश्वाच्या सुमारे १३.८ अब्ज वर्षांच्या आयुष्यातही ही ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनापेक्षा कित्येक पटींनी कमी भरते. त्यामुळे प्रश्नाचा निर्णय आजवर केवळ गणितानेच शोधला गेला आहे.