पेटीच्या बारा पट्ट्या

काटोलकडच्या आपल्या गावांत भजन म्हटलं की पेटी आलीच. तिच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या अशा बारा पट्ट्या असतात. पण हे बारा स्वर कसे वापरायचे, याचे नियम माणसांनीच घातले. त्यातल्या दोघांची गोष्ट आज आम्ही सांगतो.

पहिले पंडित विष्णु नारायण भातखंडे. जन्म १८६० चा, मुंबईचा, शिक्षणानं वकील. त्या काळी गाण्याची विद्या घराण्याबाहेर सहसा जात नसे. भातखंड्यांनी देशभर फिरून चिजा गोळा केल्या, स्वरलिपीत लिहून छापल्या. बारांतून सात-सात स्वर निवडून त्यांनी दहा थाट मांडले. पांढरी एकचा सा धरला, तर भैरवी थाटात चार काळ्या पट्ट्या लागतात, कल्याण थाटात एकच. सा मात्र हलत नाही. घरातल्या मोठ्या बाईसारखा तो बाकीच्यांना धरून ठेवतो.

दुसरे व्हिएन्ना शहरातले आर्नोल्ड शोनबर्ग. १९२० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी वेगळाच नियम काढला: कोणताच स्वर मोठा नाही. आपल्या भिशीसारखंच! बारा जणींची भिशी असली, तर सगळ्यांची पाळी झाल्याशिवाय कुणाला दुसऱ्यांदा मिळत नाही. तसं बारा स्वरांची एक ओळ आधी ठरवायची. मग ती सुलटी, उलटी, चढाच्या जागी उतार घेऊन फिरवायची, आणि त्यातून गाणं बांधायचं. पुष्कळांच्या कानाला ते टोचलं. १९३३ मध्ये हिटलरची सत्ता आली. शोनबर्ग ज्यू होते. बर्लिनमधली नोकरी गेली आणि ते अमेरिकेला गेले.

आपल्याकडे तर पेटीवरच बंदी आली होती. तिच्यावर मींड निघत नाही, बारीक श्रुती लागत नाहीत, म्हणून १९४० पासून सुमारे तीस वर्षं रेडिओनं तिला बाहेर ठेवलं. पुढे ती बंदीही उठली.

नियम बदलतात, मैत्रिणींनो. लिहून ठेवलेलं मात्र पुढच्यांच्या हाती लागतं. आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओवीची चाल कुणी लिहिली आहे का? आजी गेली की चालही जाईल. येत्या भजनाच्या दिवशी तिला गायला सांगा. कोणत्या पट्ट्या लागतात ते पेटीवाल्या बाईला शोधू द्या आणि सा, रे, ग करत गटाच्या वहीत उतरवा. मोबाइलमध्येही भरून ठेवा.