लिंकनच्या आजोबांचा माग

सतत जागा बदलणाऱ्या घराण्याचा माग काढायचा कसा? आज आपण अब्राहम लिंकन यांचे आजोबा घेऊ. नाव तेच, अब्राहम. जन्म 1744, पेनसिल्व्हेनियातला. वडील जॉन यांच्याबरोबर ते व्हर्जिनियात आले आणि 1782च्या सुमारास डोंगर ओलांडून केंटकीत गेले. तिथे 1786 साली शेतात काम करताना मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. (ती जमीन कोणाची, हाच तर सगळा झगडा होता!)

इथेच धागा तुटला. धाकटा मुलगा थॉमस तेव्हा आठ वर्षांचा. मालमत्ता त्यावेळच्या कायद्याने थोरल्याकडे गेली; थॉमस मोलमजुरी करत वाढला, शिक्षण जवळजवळ नाहीच. मग घराण्याच्या गोष्टी त्याला सांगणार कोण? म्हणूनच 1859 मध्ये स्वतःची माहिती लिहून देताना त्याच्या मुलाला, म्हणजे लिंकन यांना, पेनसिल्व्हेनियाच्या मागे जाता आलं नाही. न्यू इंग्लंडमधल्या लिंकनांशी नातं जोडायचा प्रयत्न झाला होता, पण हाती लागली ती फक्त सारखी नावं: मॉर्डेकाय, सॉलोमन, एनॉक, अब्राहम.

आम्हाला विचाराल तर पुरावा म्हणून नाव कच्चंच. पण शोधायचं कुठे, ते नाव सांगतं. पुढे संशोधकांनी मृत्युपत्रं आणि जमिनीची खतं जुळवली, तेव्हा वाट न्यू जर्सीवरून मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅमला पोचली. इंग्लंडच्या नॉरफॉकमधून 1637 साली आलेला सॅम्युअल लिंकन हा विणकर तिथे स्थायिक झाला होता. त्याच्या एका मुलाचं नाव मॉर्डेकाय.