निळ्या वेलीची बशी

आम्ही हमरापूरच्या बचत गटाच्या बाया. आजची गोष्ट एका बशीवरून सुरू होते.

बैठकीत हप्ते जमा झाले आणि आमच्यातल्या एकीने पिशवीतून एक बशी काढली. पांढरी, वर निळी वेल, काठाला टवका उडालेला. तिच्या आजेसासूची. तिच्यात कोंबड्यांना पाणी ठेवत होते. अशाच आणखी पाच बशा होत्या, पण घर नव्याने बांधताना त्या भंगारवाल्याला दिल्या आणि बदल्यात प्लास्टिकचा टब घेतला. तिला कोणी बोललं नाही, कारण आमच्यापैकी प्रत्येकीने असं काही ना काही देऊन टाकलेलं आहे.

माती आपल्याला नवी नाही. गावात घरोघरी गणपतीचे कारखाने, शाडू येते गुजरातेतल्या भावनगरकडून. पण शाडूची मूर्ती भाजत नाहीत, म्हणून ती पाण्यात विरघळते. चिनी माती मात्र साधारण तेराशे अंशांच्या भट्टीत भाजतात, तेव्हा ती काचेसारखी घट्ट होते. निळी नक्षी कच्च्या भांड्यावर काढतात आणि वरून काचेसारखा थर देतात. रंग त्या थराखाली राहतो, म्हणून कितीही घासलं तरी जात नाही. आणखी एक गंमत म्हणजे हा रंग लावताना निळा दिसतच नाही, काळपट दिसतो. निळाई भट्टीतून बाहेर आल्यावर कळते. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या आमच्या बायांनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आंधळ्यानेच काम!" खरंच आहे. चुकलेली रेघ पुसताही येत नाही.

ही कला चीनमधल्या चिंगतेचन गावात चौदाव्या शतकात भरभराटीला आली. माती तिथली, पण निळा रंग देणारं कोबाल्ट इराणकडून यायचं आणि बरीच भांडी पुन्हा त्याच बाजूच्या मुसलमान व्यापाऱ्यांना विकली जायची. म्हणजे आपण जिला चिनी म्हणतो ती वस्तू पहिल्यापासून दोन मुलखांची. आपण मात्र मातीलाच "चिनी" नाव देऊन मोकळे झालो!

या व्यापाराची एक वाट आपल्या जिल्ह्यातून जात होती. वडखळवरून अलिबागला आणि पुढे रेवदंड्याला जाताना चौल लागतं. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात, पण एके काळी ते मोठं बंदर होतं. इ.स. 915 च्या सुमारास अल मसूदी हा अरब प्रवासी तिथे येऊन गेला. पुढे निजामशाहीच्या परवानगीने 1521 साली पोर्तुगीजांनी तिथे ठाणं मांडलं. 1557 पासून चीनच्या किनाऱ्यावर मकाव त्यांच्याकडे होतं, त्यामुळे चीनचा माल गोव्याकडे येऊ लागला. 1740 मध्ये चौल मराठ्यांकडे आलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी चौलला उत्खनन केलं आहे, आणि तिथल्या मातीत चिनी भांड्यांच्या खापऱ्या मिळाल्या आहेत. आपण ज्याला तुटकं म्हणून फेकतो, त्यावरून तिथे कोणत्या काळी कुठला माल आला हे ते सांगतात.

मुंबईत पुढे हा माल पारशी व्यापाऱ्यांच्या घरी आला. ते कापूस आणि अफू घेऊन चीनला जात आणि येताना भांडी, रेशीम आणत. अफूची गोष्ट सांगायला बरी वाटत नाही, पण ती वगळून हा इतिहास पुरा होत नाही. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या भावांनी चिनी-जपानी भांडी हौसेने जमवली. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात (पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) त्यांचे संग्रह आहेत. सहलीला गेलात तर त्या दालनाला वेळ द्या.

मग आमची बशी कुठली? आम्ही ती घासून उजेडात धरली. चीनमध्ये नक्षी कुंचल्याने काढत. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात वेगळी युक्ती निघाली: तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची, तिचा छाप पातळ कागदावर घ्यायचा आणि तो कागद भांड्यावर दाबायचा. माल स्वस्त झाला. तिथली पूल, झाड आणि दोन पक्षी असलेली नक्षी जगभर गेली. तिची जी चिनी प्रेमकथा सांगतात, तीही इंग्लंडमध्येच रचलेली, माल खपावा म्हणून. जाहिरात काही आजची नाही!

छापील भांडं ओळखायचं असेल तर काठाची नक्षी बोटाने फिरवत बघा. कागदाची दोन टोकं जुळली तिथे वेल तुटलेली किंवा पानावर पान चढलेलं दिसतं. हाताच्या कामात रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. मागे देशाचं नाव इंग्रजीत छापलं असेल, तर भांडं बहुधा 1891 नंतरचं, कारण तेव्हापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं.

आमच्या बशीवर वेल एका जागी तुटलेली निघाली. म्हणजे छापील! दोघी-तिघींचे चेहरे पडले, लाखाची वस्तू समजून बसल्या होत्या. बशीवाली मात्र म्हणाली, "आजेसासरे मुंबईला गोदीत होते. पहिल्या पगारात या बशा आणल्या, असं सासू सांगायची." हे आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. शेजारी राहून!

पुण्याचे दिनकर केळकर 1920 च्या सुमारास जुन्या वस्तू जमवू लागले. दिवे, अडकित्ते, भांडी, म्हणजे घरात वापरायच्याच वस्तू. त्यांचं राजा केळकर संग्रहालय झालं. आमच्याकडे जागाही नाही आणि पैसाही नाही, म्हणून आम्ही एक वही केली आहे. वस्तू, ती कुणाची, कुठून आली, आणि मोबाइलवर फोटो. वस्तू ज्याच्या घरची त्याच्याच घरी राहते. कुणी विकायला निघाली तर तिला अडवत नाही, पण आधी नोंद कर आणि दोघा-तिघांना दाखव, एवढं सांगतो. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना 1972 चा कायदा लागू होतो आणि अशी वस्तू देशाबाहेर विकता येत नाही, हेही सांगतो. जुन्या किल्ल्यावर खापरी दिसली तर ती उचलायची नाही. तडा गेलेल्या बशीत जेवण वाढायचं नाही.

वहीत आतापर्यंत सतरा नोंदी झाल्या. पहिली त्या बशीची. कोंबड्यांना आता पाणी डालड्याच्या जुन्या डब्यात ठेवतात.