लाउडस्पीकर-मालिकेचे ध्वनिव्याप्ति-नियोजन

सभागृहात वा खुल्या मैदानात एकाखाली एक टांगलेल्या लाउडस्पीकरांचा, म्हणजेच व्यवहारातील ‘लाइन अ‍ॅरे’चा, आवाज कोणत्या आसनापर्यंत किती पोहोचेल याचे चित्र संगणकावर आधी काढून, त्याच्या आधारे पेट्यांची उंची, परस्परांतील कोन आणि ध्वनिसंकेतावरील संस्कार निश्चित करण्याची ही विद्या होय. शेवटच्या रांगेतील श्रोत्यालाही शब्द तितकाच स्वच्छ ऐकू यावा, हे तिचे प्रयोजन. नुसता मोठा आवाज हे नव्हे.

बिंदुवत् स्रोताचा आवाज अंतर दुप्पट होताच ६ डेसिबेलने उतरतो, तर रेषारूप स्रोताचा, तोही विशिष्ट अंतरापर्यंतच, सुमारे ३ डेसिबेलने. परंतु सुट्या पेट्यांनी अखंड रेषेसारखे वागावे कसे? मार्सेल उर्बां यांच्यासह फ्रेंच पदार्थवैज्ञानिक क्रिस्तियाँ हाइल यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार स्रोतांच्या केंद्रांतील अंतर तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी हवे. मात्र १०,००० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम ३.४ सेंटिमीटर असल्याने तेथे ही अट पाळणे अशक्यच, म्हणून पेटीतच ध्वनिमार्ग समान लांबीचे करून सपाट तरंगाग्र निर्माण करण्याची तजवीज त्यांना करावी लागली. व्ही-डॉस्क ही यंत्रणा या विचाराचे फळ होय.

नियोजनकार जमीन, सज्जा व रंगमंच यांची मोजमापे साउंडव्हिजन किंवा मॅप यांसारख्या प्रणालीत दाखल करतो आणि आसनक्षेत्रावर ध्वनिपातळीचे रंगपट उमटतात. येथे एकाच एकूण पातळीचा पट पाहून संतुष्ट होणे घातक होय. कारण खर्जाचा पट एकसारखा दिसत असतानाच उच्च कंप्रतांच्या पटात पेटी-पेटीगणिक पट्टे पडलेले असू शकतात आणि शब्दांतील व्यंजने नेमकी तेथेच हरवतात. दूरच्या श्रोत्यांवर रोखलेल्या वरच्या पेट्यांत अंशभराचा कोन ठेवून ऊर्जा एकवटावी आणि खाली कोन वाढवीत ती पसरावी, हा सर्वमान्य क्रम आहे. त्यात हवेचा हिशेबही धरावाच लागतो: २० अंश सेल्सिअस व ७० टक्के आर्द्रता असता ८,००० हर्ट्‌झचा ध्वनी १०० मीटरांत केवळ शोषणाने सुमारे ८ डेसिबेल गमावतो, तर १५ अंश व २० टक्के असता सुमारे २०, त्यामुळे दुपारी तपासलेली रचना कोरड्या, थंड रात्री पुन्हा तपासणे अगत्याचे ठरते. फार लांबच्या मैदानात मध्ये मनोरे उभारून त्यांचा ध्वनी, सेकंदास ३४३ मीटर या वेगाच्या हिशेबाने, विलंबाने सोडतात.

हे पट बहुधा थेट ध्वनीचेच असतात. सज्ज्याच्या कठड्यावरून परतणारा आवाज किंवा रिकाम्या सभागृहातील निनाद त्यांत येत नाही. तो पाहण्यास ‘ईझ’सारखी खोलीचे गणित करणारी प्रणाली लागते, आणि अखेर मापनाचा मायक्रोफोन घेऊन रांगांतून फिरावेच लागते.

भारतात आखणी आसनांच्या कडेला थांबवून चालत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा असून, लाउडस्पीकर वाजत असलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेहून १० डेसिबेल अधिक किंवा ७५ डेसिबेल, यांपैकी जी पातळी कमी असेल तिच्यापुढे जाण्यास मनाई आहे. टांगलेल्या मालिकेचा उच्च स्वर कोनांनी आवरता येतो. खर्ज मात्र मागे, बाजूला व कुंपणापार सर्वत्र पसरतो, म्हणून सबवूफरांची मांडणी व त्यांतील विलंब यांचाही स्वतंत्र पट, शेजारच्या वस्तीसह, काढला पाहिजे.