चकतीचा मीटर, एचपीचं बिल आणि आता स्मार्ट मीटर

आज बागेचं लिहायचं होतं, पण पंधरा दिवसांपासून गल्लीत विषय एकच चाललाय: घरचा मीटर बदलू द्यायचा का नाही. आमच्या घरातच तीन मतं आहेत. आई म्हणते, चालता मीटर काढून न्यायचं कारण काय? बायकोला रिचार्जची धास्ती, पैसे संपले अन् रात्रीतून अंधार झाला तर? सूनबाई म्हणते, रोजचं रीडिंग मोबाईलवर दिसत असेल तर बरंच आहे की. तिघींची मतं ऐकली आणि वाटलं, यातली निम्मी भांडणं जुनीच आहेत. म्हणून जरा मागून सांगतो.

वीज मंडळ झालं १९६० साली. मी लहान असताना आमच्या विहिरीवरच्या खोलीत काळ्या डब्याचा मीटर होता. आत ॲल्युमिनियमची चकती, तिच्या कडेला रंगाची खूण. खूण समोर आली की एक फेरा. किती फेऱ्यांना एक युनिट ते पाटीवरच छापलेलं असायचं. हंगेरीतल्या ओट्टो ब्लाथी नावाच्या इंजिनियरनं १८८९ ला या जातीचा मीटर काढला, आणि थोड्याफार फरकानं तोच शंभर वर्षं जगभर फिरला. वडील फार शिकलेले नव्हते, पण आकडा खडूनं भिंतीवर लिहून ठेवायचे. बिल आलं की भिंतीशी ताडून बघायचे.

१९७७ मध्ये शेतीपंपाचं बिल एचपीवर आलं. मोटार किती एचपीची, तेवढे पैसे, मग दोन तास चालवा नाहीतर दहा. कारण समजण्यासारखं होतं. मळ्यामळ्यात माणूस पाठवून रीडिंग घ्यायचं आणि हाती येणार थोडेसे पैसे. शेतकऱ्यालाही बरं वाटलं, हिशोब सोपा झाला. ऑटो स्टार्टर लावला की लाईट आली की मोटार आपोआप सुरू, बघायलाही कोणी जायला नको. पाणी किती वाया गेलं ते सोडा, पण त्या दिवसापासून मळ्यात वीज किती लागते हे मोजणंच बंद झालं. भिंतीवरचा खडू गेला.

मोजमाप नाही म्हटल्यावर अंदाज आला. आणि अंदाजात काहीही बसतं. तारेतली गळती, आकडे टाकून चोरलेली वीज, सगळं 'शेतीचा वापर' म्हणून दाखवता येतं. वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे हे कित्येक वर्षं सांगत आलेत. नाव मात्र शेतकऱ्याचं खराब झालं, की हे लोक फुकट वीज ओढतात.

२००३ च्या वीज कायद्याच्या ५५ व्या कलमात लिहिलं की मीटरशिवाय वीज द्यायची नाही, दोन वर्षांत सगळीकडं मीटर. झालं काय? २००४ ला शेतीची वीज मोफत झाली, २००५ ला मोफत बंद झाली, त्याच वर्षी मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि महावितरण आलं. मळ्यातले विनामीटर पंप मात्र संपले नाहीत. आता २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत पुन्हा मोफत आहे, मार्च २०२९ पर्यंत. पुढचं पुढं. पण कधी बिल सुरू झालंच तर आपला खरा वापर किती, याचा पुरावा आपल्याकडं काय असणार, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

घरी मात्र मीटर कायम राहिला. चकती जाऊन इलेक्ट्रॉनिक आला तेव्हाही हीच ओरड होती, नवा मीटर पळतो. त्यात थोडं तथ्य होतं. झिजलेली चकती झिरोच्या बल्बवर हलायचीच नाही, नवा मीटर तो बल्बही मोजायचा.

आता स्मार्ट मीटर. केंद्राची योजना २०२१ ची, देशभर २५ कोटी मीटर, तेही प्रीपेड. महाराष्ट्रात २०२३ ला ठेके दिले गेले. विरोध झाला तसं जून २०२४ मध्ये जाहीर झालं की सामान्य घरगुती ग्राहकाला हे मीटर बसणार नाहीत. पुढं तशाच जातीचे मीटर 'टीओडी' नावानं दारात आले, बिल महिन्याच्या शेवटीच. म्हणजे बायकोची रिचार्जची धास्ती सध्या तरी लागू नाही. पण आधी नाही म्हणायचं आणि मग नाव बदलून आणायचं, यानं माणूस बिथरतो. शेतकरी संघटनेचे माधवराव मोरे आमच्या पिंपळगावचे. १९८० च्या ऊस-कांदा आंदोलनापासून इथला माणूस काटा बघितल्याशिवाय पट्टी घेत नाही.

टीओडीचा फायदा सांगतात तो असा: सकाळी ९ ते ५ या वेळेतल्या युनिटला २०२५ च्या जुलैत ८० पैसे सूट सुरू झाली, कारण दिवसा सौर वीज भरपूर. सूनबाईनं लगेच वॉशिंग मशीन दुपारी लावायचं ठरवलं. पण शेतकऱ्याचं घर ९ ते ५ मळ्यात असतं. पहाटे हीटर, संध्याकाळी मिक्सर आणि दिवे, सगळं सुटीच्या वेळेबाहेर.

धाकट्या भावाकडं पावसाळ्यात मीटर बसला आणि बिल वाढलं. सगळे म्हणाले, बघा. आम्ही दोघांनी हजार वॅटचा हीटर एकटा चालू ठेवला. मीटरवर ३२०० लुकलुकींना एक युनिट लिहिलेलं, म्हणजे सहा मिनिटांत ३२० व्हायला पाहिजेत. मोजल्या तर २४० च्या आसपास! मीटर मागं कसा? मग व्होल्टेज बघितलं, २०० होतं. हीटर २३० ला हजार वॅट ओढतो, २०० ला साडेसातशेच. मीटर बरोबर होता. नंतर घरातली सगळी बटणं बंद केली, तरी दिवा लुकलुकतोय. गोठ्याकडं जमिनीतून नेलेली केबल कापली गेली होती, ओल्या मातीत करंट उतरत होता. जनावरं वाचली हे नशीब. मीटर आणि पाऊस एकाच महिन्यात आले, आणि दोष मीटरला.

कॅलिफोर्नियात बेकर्सफिल्ड म्हणून गाव आहे, तोही द्राक्षाचाच मुलूख. तिथं २००९ ला असंच झालं. मीटर नवे, उन्हाळा कडक, दर वाढलेले. तिथल्या आयोगानं २०१० ला बाहेरच्या लोकांकडून तपासणी करून घेतली. मीटर बरोबर निघाले, पण तक्रारी नीट ऐकल्या नाहीत असा ठपका कंपनीवर आला. नेदरलँड्समध्ये तर २००९ ला वरिष्ठ सभागृहानं सक्तीच नाकारली. घरात कोण कधी जागं आहे हे मीटरवरून कळतं, असा आक्षेप होता.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भावाच्या घरी तुम्ही दोघं होता म्हणून सापडलं. मी एकटी असले तर मोबाईलमध्ये काय बघू?"

रविवारी आमच्याकडं मीटर बसवायला येणार आहेत. जुन्याच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो तारखेसकट काढून ठेवणार आहे, तुम्हीही काढा. आणि मीटर ओसरीत, आईच्या खाटेवरून आकडा वाचता येईल एवढ्या उंचीवर लावून घ्यायचा आहे. खडू तिनं आधीच काढून ठेवलाय.